मुकीच्या आईचा आवाज

तिला सगळे फोनबाई म्हणत. आधी मुली म्हणायच्या, त्यांचं ऐकून पहारेकरणी म्हणू लागल्या, आणि पुढे अधीक्षकबाईंच्या तोंडीही तेच बसलं. मुलींच्या या बंदिस्त सुधारगृहात अठरा वर्षं तिच्याकडे एकच काम होतं, मुली घरी फोन करत तेव्हा ते बोलणं ऐकण्याचं.

खोली लहानशी होती आणि मधे जाड काच होती. काचेच्या पलीकडे भिंतीला टांगलेला फोन आणि जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं स्टूल. अलीकडे फोनबाई, कानांवर हेडफोन, समोर एक लाल बटण. ते दाबलं की तिचा आवाज फोनवर जाई. आठ मिनिटं झाली की ती बटण दाबून म्हणे, "दोन मिनिटं राहिली," आणि दहा झाली की फोन आपोआप बंद पडे. मग ती वहीत ओळ लिही : घरगुती बोलणं, आक्षेपार्ह काही नाही.

मुलींचे दिवस एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे होते. सकाळी साडेसहाला दारं उघडत, हजेरी होई. आरशाच्या जागी स्टीलचा पत्रा होता, त्यात तोंड पाहून वेण्या घालायच्या. बुटांना नाडी नसे, टूथब्रशचा दांडा निम्मा कापलेला असे. सकाळी शाळा, दुपारी शिवण, आणि शिवणाच्या कात्र्याही टेबलाला साखळीने बांधलेल्या. जेवण झाल्यावर चमचे परत जमा होईपर्यंत जागेवरून कोणी उठायचं नाही. एका दालनातून दुसऱ्यात जाताना दोन दारं लागत आणि मागचं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नसे, त्यामुळे प्रत्येकाला दिवसातून कितीतरी वेळा त्या मधल्या हातभर जागेत, दोन बंद दारांच्या मधे, गप्प उभं राहावं लागे.

फोनबाईला त्याचं काही वाटत नसे. आई गेल्यापासून चार वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहत होती. शुक्रवारी संध्याकाळी ती दार लावून घेई ते सोमवारीच उघडत असे, आणि मधल्या दोन दिवसांत तिच्याशी बोलणारं कोणी नसे. सोमवारी पहिला शब्द बोलताना घसा बसल्यासारखा आवाज येई. लोकांच्या घरातल्या हजार गोष्टी तिला ठाऊक होत्या, तिच्या घरातली एकही कोणाला ठाऊक नव्हती.

पंधरा वर्षांची एक मुलगी सुधारगृहात आली. आईच्या दुसऱ्या नवऱ्याच्या डोक्यात तिनं गरम इस्त्री घातली होती. तो वाचला, एका कानानं मात्र कायमचा बहिरा झाला, आणि कोर्टात आईनं नवऱ्याच्या बाजूनं साक्ष दिली. मुलगी कोणाशी बोलत नसे म्हणून बाकीच्या तिला मुकी म्हणू लागल्या. तिचा वार मंगळवार. दर मंगळवारी ती येई, एकच नंबर फिरवी, पलीकडे घंटी वाजत राही. बारा घंट्या झाल्या की ती फोन जागेवर ठेवी आणि निघून जाई. फोनबाई वहीत लिही : फोन उचलला नाही. असे सतरा मंगळवार गेले. शेवटी शेवटी घंटी वाजू लागली की फोनबाईच मनातल्या मनात म्हणे, उचल गं बाई, एकदा तरी उचल.

अठराव्या मंगळवारी नवव्या घंटीला फोन उचलला गेला.

"आई?" मुकी म्हणाली.

पलीकडून एक थकलेला, मायाळू आवाज म्हणाला, "बोल गं."

"जेवलीस का?"

"आत्ताच जेवले. तू?"

त्या दिवशी फोनबाईला समोरची वही नीट दिसेना. दोन मिनिटं राहिल्याचं सांगायचंही ती विसरली.

नंतर दर मंगळवारी दोघी बोलू लागल्या. मुकी शिवणाबद्दल सांगे, आई घरातलं सांगे. बाकीच्या मुली बोलताना भिंतीकडे तोंड करत; मुकी मात्र स्टूल सोडून काचेकडे तोंड करून उभी राही आणि सगळा वेळ फोनबाईकडे बघे. फोनबाईला ते आवडू लागलं होतं.

चौथ्या की पाचव्या वेळी आई म्हणाली, "स्वयंपाकघरातली खिडकी पुन्हा फुगलीय. आज सांडशीनं ओढली तेव्हा कुठे उघडली."

फोनबाईनं त्याच दिवशी सकाळी आपल्या स्वयंपाकघराची खिडकी सांडशीनं ओढून उघडली होती. ती स्वतःशीच हसली. खिडक्या सगळीकडे सारख्याच.

पुढच्या मंगळवारी आई म्हणाली, "वरच्या मजल्यावरची माणसं जागा सोडून गेली. इतकी वर्षं पावलांचा वैताग यायचा, आता ती वाजत नाहीत तर झोप येत नाही." फोनबाईचा हात वहीवर थांबला. तिच्या वरची माणसं शनिवारी गेली होती. आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी तो आवाज हळूच म्हणाला, "आईच्या चपला अजून दाराशीच आहेत. टाकवत नाहीत."

"कोणाच्या आईच्या?" मुकीनं विचारलं.

"माझ्या गं. तुझ्या आजीच्या."

"बरं," मुकी म्हणाली आणि काचेतून फोनबाईकडे बघून मान हलवली.

त्याच आठवड्यात समाजसेविका येऊन फोनबाईसमोर बसली. मुलींच्या घरच्यांना भेटण्याचं काम तिचं. "तुमची ती मुकी सव्वीस तारखेला सुटतेय," ती म्हणाली. "न्यायला कोणी आलं नाही तर शहरापलीकडच्या वसतिगृहात पाठवायला लागेल, आणि तिथलं काही खरं नाही. मी घरी जाऊन आले. कुलूप आहे. शेजारी म्हणतात, नवराबायको आठ महिन्यांपूर्वीच सामान घेऊन गेली. फोनही तेव्हापासून कोणी उचलत नाही."

"ती दर मंगळवारी आईशी बोलते," फोनबाई म्हणाली. "मी ऐकते ना."

"अगंबाई! मग सुटलो. आईलाच तारीख सांगा की."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, मुलींचे सगळे फोन जिथे टेप होत त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत फोनबाईनं मुकीचा मागचा फोन लावून ऐकला. मुकीचा आवाज आला, आणि मग आईचा. हेडफोनमधून दर मंगळवारी ऐकताना तो एका परक्या बाईचा वाटला होता. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ओळखता येत नाही म्हणतात. फोनबाईची गोष्ट वेगळी होती. "दोन मिनिटं राहिली" हे स्वतःचे तीन शब्द तिनं या खोलीतल्या टेपांवर अठरा वर्षं ऐकले होते, आणि आईचा आवाज तोच होता. तिनं टेप थांबवली.

म्हणजे मीच बोलते. तिला भीती वाटण्याआधी लाज वाटली. एकटं राहून माणसाचं असं होत असेल.

पुढच्या मंगळवारी तिनं आपल्या माइकची वायर उपटून खणात टाकली, ओठ मिटले आणि त्यांवर डावा तळवा घट्ट दाबून धरला. काचेपलीकडे मुकीनं नंबर फिरवला. नवव्या घंटीला फोन उचलला गेला.

"तारीख कळली का?" आवाज म्हणाला. फोनबाईचे ओठ तळव्याखाली हललेसुद्धा नव्हते.

"सव्वीस."

"मी येते न्यायला. अकराला तयार राहा."

मुकी काचेतून बघत होती. "आणि बाईंना काही सांगू?"

"नको. त्यांना माणसांची सवय नाही," आवाज म्हणाला. "उगाच दचकतील."

फोन बंद झाल्यावर फोनबाईनं वही ओढली आणि नेहमीची ओळ लिहिली. दुसरं काय लिहायचं ते तिला सुचलं नाही.

सव्वीसला पावणेअकरालाच ती फाटकाकडे निघाली. येणारीचं तोंड तरी बघायचं, असं तिनं ठरवलं होतं. पहिलं दार मागे बंद झालं आणि दुसरं उघडलंच नाही. तिनं घंटी दाबली, दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. वीज गेली होती म्हणे. त्या हातभर जागेत ती तासभर उभी होती, आणि तेवढ्या वेळात कोणी इकडून आलं नाही की तिकडून.

दार उघडल्यावर ती धावतच फाटकाशी पोचली. म्हातारा शिपाई स्टुलावर बसून चहा पीत होता.

"काय विसरलं का बाई?"

"मुकी कुठाय?"

शिपायानं कप खाली ठेवला. "चेष्टा करता का? आत्ताच तर घेऊन गेलात तुम्ही. मी म्हटलंसुद्धा, मुकी कसली, ही तर पोपटासारखी बोलतेय. तुम्ही हसलात."

त्यानं पुढे केलेल्या रजिस्टरात तिची सही होती. अक्षरही तिचंच, उजवीकडे कललेलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं : आई.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर कोणाला, आणि काय म्हणून? दुपारच्या मुलींचे फोन तिनं ऐकले, ओळी लिहिल्या, आणि पाचाच्या ठोक्याला ती घरी निघाली.

तिसऱ्या मजल्यावर तिच्या दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. आत भांडी वाजत होती, कोणीतरी काहीतरी सांगत होतं आणि एक मुलगी खळखळून हसत होती. मुकीचं हसणं तिनं कधी ऐकलं नव्हतं, तरी ते तिला ओळखू आलं. पर्समध्ये किल्ली होती. पण आत माणसं जेवत असताना परस्पर कुलूप उघडायचं तिच्या मनाला बरं वाटेना, म्हणून तिनं पदर सारखा केला आणि बेल वाजवली.

हसणं थांबलं. पावलं दारापर्यंत आली. दारातल्या बारीक भिंगामागचा उजेड झाकला गेला आणि बराच वेळ झाकलेलाच राहिला. फोनबाईनं बोलायला तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघेना.

"कोण आहे गं आई?" आतून मुकीनं विचारलं.

"कोणी नाही," दाराच्या अगदी जवळून उत्तर आलं. "तू जेव."