नाव घे, हिरा

खन्नाचं नाव निघालं की रेडिओचा बातमीदार पुंडलिक दात-ओठ खायचा. भिलाईत कारखाना उभा राहत होता, आणि ठेकेदाराच्या या मॅनेजरनं ऐकल्याशिवाय साईटवरची एकही टेप बाहेर जात नसे. कुजकी फळी मोडून बळीराम चिमणीवरून पडला, मेला; ती हिंदीतली बातमी तर खन्नानं मजुराचं नाव येण्याआधीच टेपवरून पुसायला लावली. वर म्हणाला, "कुछ अच्छा सुनाओ. औरतों का कुछ लाओ."

"लाता हूँ, साब," पुंडलिक म्हणाला. तुझ्या छाताडावर बसून वाजवतो, हे मनात.

तो थेट बळीरामच्या बायकोकडे गेला. "हिरावहिनी, उखाणा घ्या."

"डोस्कं फिरलं का, भाऊजी? माह्यं कुंकू पुसलं. आता मी कोनाचं नाव घेऊ?"

"ज्याचं पुसलं, त्याचंच."

हिरानं चुलीतलं लाकूड ओढून विझवलं. मग पदर खोचून उठली.

दुसऱ्या दिवशी खन्ना टेप ऐकायला बसला. मजूर वस्तीतल्या मराठी बाया लाजत, हसत उखाण्यांतून नवऱ्यांची नावं घेत होत्या. शेवटी हिराचा आवाज आला, खणखणीत:

"कुजक्या फळीवर चढवलं त्याले, कामाची होती घाई,
बळीरामचं नाव घेते, ज्याची बातमी कुठंच नाई!"

खन्नाला मराठी येत नव्हती, आणि मेलेल्याचं नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं. त्यानं खुशीत मान डोलावली. "बहुत बढ़िया! ये आख़िरी वाला दो बार बजाना."

साहेबाचा हुकूम पुंडलिकनं पहिल्यांदाच मनापासून पाळला.