फांद्यांखालचा निवडुंग

चेकियातील ब्रनो शहराच्या वेशीवर, हौशी बागकाम करणाऱ्यांचे वाफे असलेल्या आमच्या बागवसाहतीचे अध्यक्ष स्कोउपिल यांनी तीस वर्षे टपाल कार्यालयात शिक्के मारले. वनस्पतींविषयीची त्यांची मतेही तशीच: एकदा उमटली की पुसत नाहीत. नोव्हेंबरात मृतांचा दिवस पाळून झाला की ते प्रत्येक वाफ्यावर स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडाच्या, फांद्या अंथरवतात, आणि मेच्या मध्याला थंडीच्या संतांचे दिवस, म्हणजे लोकसमजुतीनुसार शेवटच्या गारठ्याचे, उलटेपर्यंत त्या कोणाला उचलू देत नाहीत. गुलाबांना हे मानवते. पृथ्वीवर केवळ गुलाबच उगवतात, अशी त्यांची समजूत असावी.

माझ्या शेजारच्या वाफ्यात द्राहोमीराबाईंचा एकच फड्या निवडुंग होता. दिवंगत पती अलोइस यांनी तो स्वतः संकर करून बियांपासून वाढवलेला. त्या तांबड्या फुलाचे दुसरे रोप कोणाकडेच नव्हते. नोव्हेंबरात त्याचे फड सुरकुतून जमिनीवर लोळले.

"मरतोय हो हा!" बाई घाबरल्या.

"गारठलाय बिचारा," अध्यक्ष म्हणाले. "पाणी द्या, वर पांघरूण घाला."

"पाणी त्यानं स्वतःच कमी केलंय," मी म्हणालो. "रस घट्ट झाला की सहजी गोठत नाही. याला थंडी मारत नाही, ओल मारते. माझे निवडुंग उघडेच आहेत. वर पावसापुरती जुन्या खिडकीची काच."

"डॉक्टर, तुम्ही प्रयोगशाळेत जन्मभर रोगट पानं तपासलीत. हे काही पान नाही."

"हे पान नाही, एवढं तुम्हाला कळतं? प्रगती आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाणी घातले, वर फांद्या अंथरल्या.

मार्चमध्ये ऊन तापले आणि फांद्यांखालून वाफ निघू लागली. मी कुंपणावरून सांगितले, "आजच उचला."

"संत गेल्याशिवाय नाही. अध्यक्षांनी बजावलंय."

"संत वनस्पतिशास्त्र कुठे शिकले?"

बाईंनी पाठ फिरवली. मीही पुन्हा सांगितले नाही. निष्कर्ष स्वतःच बोलेल, असे मी ठरवले.

सोळा मे रोजी फांद्या निघाल्या. फड पिवळट, बोट लावताच फुटणारे. वास कुजक्या काकडीचा.

"हिवाळाच कडक होता," अध्यक्षांनी टोपी काढली. "उणे चौदा!"

मी माझ्या वाफ्याकडे बोट दाखवले. तीन मीटरवर तेच उणे चौदा सोसून फड ताठ उभे होते, कळ्यांसह.

"तुमची माती वेगळी."

बाई गुडघ्यांवर बसून लगदा चाचपत होत्या. कडेचा एक फड हाती लागला: सुरकुतलेला, पण टणक.

"पाहिलंत? एक तरी वाचवलाच की माझ्या फांद्यांनी!"

"हा फांद्यांच्या बाहेर होता, अध्यक्ष. मला अजून दिसतं. तुम्ही या आता."

ते गेल्यावर बाईंनी फड माझ्या हाती दिला. "मार्चमध्ये तुमचं खरं होतं."

"नोव्हेंबरातही."

"बघा! म्हणूनच ऐकलं नाही. तुमचं ऐकण्यापेक्षा चुकणं बरं वाटतं माणसाला."

याला माझ्याकडे उत्तर होते, आणि ते अचूक होते. मी ते दिले नाही. फडाची मऊ कड पात्याने कापली, जखम सुकण्यासाठी तो दोन आठवडे सावलीत ठेवायचे ठरवले, आणि विचारले, पाणी निचरावे म्हणून अलोइस खाली खडीचा थर किती जाड घालत.

"हातभर," बाई म्हणाल्या, आणि खडीसाठी बादली आणायला उठल्या.