शिकवणाऱ्याचं नाव

मायडलिंग स्टेशनात निरीक्षक ग्रुंटनर इंजिनावर चढले आणि म्हणाले, "जागा बदला. आता वाव्रा गाडी चालवेल. पिरिंगर, तुम्ही कोळसा टाकायचा."

मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसं ड्रायव्हर पिरिंगरनं फावडं उचललं. व्हिएन्नाच्या या शहरी रेल्वेवर पहिल्या दिवसापासून इंजिन हाकणारा माणूस तो, आणि आज आपल्याच आगवाल्याचा आगवाला झाला होता.

आगवाला यारोमीर वाव्रा पिरिंगरच्या जागी जाऊन उभा राहिला. आज पास झाला तर ड्रायव्हरच्या परीक्षेला बसता येणार होतं. नापास झाला तर आणखी दोन वर्षं याच इंजिनावर, याच माणसाच्या शिव्या खात काढायची.

"सांभाळ रे मुरंबेवाल्या," पिरिंगर हळूच म्हणाला. बोहेमियाहून आलेल्यांना तो असंच चिडवायचा. "हे तुझ्या बोहेमियातलं बैलाचं गाडं नव्हे."

"दिसतंय. बैल आज फावडं धरून उभाय," वाव्रा म्हणाला.

शिट्टी झाली. वाव्रानं पुढे-मागे जाण्याच्या दिशेचं चाक पाच वळसे पुढे फिरवलं आणि वाफ सोडली. इंजिनानं एक लांब उसासा टाकला आणि ते तसंच उभं राहिलं.

त्यानं आणखी वाफ सोडली. पुन्हा उसासाच. पुढे चढ होता, मागे भरलेले डबे होते.

"उतरून ढकलू का?" खिडकीतून कुणीतरी ओरडलं. डबाभर हशा झाला.

ग्रुंटनरनी घड्याळ बाहेर काढलं. पिरिंगर भट्टीच्या दाराला टेकून दातात काडी घालत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षं प्रत्येक स्टेशनात गाडी सुटताना तो चाकापुढे आपली रुंद पाठ आणून उभा राहायचा. आगवाल्यानं आगीकडे बघावं, म्हणायचा.

बघायला मिळालं नव्हतं, पण ऐकू तर येत होतं. वळशागणिक चाकाचा खटका वाजायचा. धावत्या गाडीत पाच, आणि स्टेशनात त्याहून कितीतरी जास्त. म्हाताऱ्याच्या हाताला चाळा आहे, अशीच वाव्राची समजूत होती.

चाळा नव्हता तो! या इंजिनात वाफ आधी धाकट्या सिलिंडरमध्ये जायची आणि तिथली उरलेली थोरल्यात. अडलेल्या धाकट्याला एकट्याला गाडी हलवता येत नसेल, तर थोरल्यालाही ताजी वाफ पाजायला हवी. त्या वाफेची वाट चाक अगदी शेवटाला गेल्यावरच उघडत असणार.

त्यानं चाक फिरवलं. सहा, सात, आठ, नऊ. चाक अडेपर्यंत. मग वाफ सोडली.

इंजिन एकदा अंगभर थरथरलं आणि निघालं. पिरिंगरच्या तोंडातली काडी गळून पडली.

"चाळीस सेकंद उशीर," ग्रुंटनर म्हणाले. "पण शेवटी जमलं. काही ड्रायव्हरांनाही हे सांगावं लागतं." त्यांनी छापील कागद काढला. "कुणी शिकवलं? इथे शिकवणाऱ्याचं नाव लागतं. नाव नसलं तर याआधी कधीतरी परवानगीशिवाय चाकाला हात लावलास असा अर्थ होतो, आणि मग मला पुढे काही करता येणार नाही."

वाव्रानं मागे पाहिलं. पिरिंगरच्या डोळ्यांत आता खरीखुरी मजा दिसत होती. बोल की, असं ते डोळे म्हणत होते.

खरं सांगितलं असतं तर आगवाल्यापासून चाक लपवल्याबद्दल पिरिंगरही अडकला असता. ते चित्र वाव्रानं क्षणभर डोळ्यांपुढे आणून बघितलं. फार गोड होतं. पण त्याच चित्रात पुढची दोन वर्षंही होती.

"पिरिंगरसाहेबांनी," तो म्हणाला.

"असं?" ग्रुंटनरनी वळून पाहिलं.

"मीच," पिरिंगर छाती काढून म्हणाला. "डोकं दगडाचं आहे हो त्याचं, पण मी हार मानली नाही."

ग्रुंटनरनी नाव लिहिलं, सही केली.

वाव्रानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर चढ वाढत होता आणि दाबाचा काटा खाली येत होता. शेवटच्या हायलिगेनश्टाट स्टेशनापर्यंत अजून बरीच स्टेशनं होती.

"पिरिंगर," तो मान न वळवता म्हणाला, "कोळसा टाक. आणि हात जरा लवकर चालव."

निरीक्षक शेजारीच उभे होते. पिरिंगरनं फावडं कोळशात खुपसलं.