जुनं, हात लावू नये

मी एक फाइल बोलतेय. कागदाची नव्हे हं, दोरीनं बांधलेली आणि कपाटावर धूळ खात पडलेली. मी कॉम्प्युटरच्या पोटातली. शिकलेली माणसं मला डेटाबेस म्हणतात. आमच्या ऑफिसात मात्र माझं नाव 'ते आपलं'. "ते आपलं उघड गं जरा." "ते आपलं अडकलंय वाटतं." जरा घाईघाईनं बोलेन, सांभाळून घ्या. उद्या मला न्यायला माणूस येणार आहे, आणि त्याआधी माझं म्हणणं कुणाच्या तरी कानावर पडायलाच हवं.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. कुणाच्या घरी आजारी माणूस असेल, बाळंतीण असेल, पडून राहिलेले म्हातारे वडील असतील, तर त्यांच्याकडे इथून नर्स पाठवतात. आतल्या खोलीत मॅडम बसतात. आयुष्यभर मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, त्यामुळे साधं "बसा" म्हणाल्या तरी माणूस उभा राहतो. त्यांच्या समोर हिशेबाचे अण्णा. बाहेरच्या खोलीत ताई. कुणाला कुठे पाठवायचं हे सगळं ताई बघते. मी राहते ताईच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये, पण भिंतीला भोक पाडून वायर आत नेलीय, त्यामुळे तिघांनाही मी एकाच वेळी दिसते. इकडे ताई माझ्यात ड्युट्या लिहीत असते, तिकडे अण्णा पगार बघत असतात. स्वयंपाकघर एक आणि बायका तीन, असा आमचा संसार.

मला बनवलं मॅडमच्या भाच्यानं. सुट्टीला आला होता. "मावशी, या वह्या फेक आता," म्हणाला आणि चार दिवस जेवायलासुद्धा उठला नाही. पोरगा हुशार, पण हुशारीची खुमखुमी फार. एक पानही रिकामं राहता कामा नये म्हणून त्यानं असं करून ठेवलं, की नर्सचा पत्ता भरल्याशिवाय मी पुढे सरकणारच नाही. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, त्याचाही पत्ता हवा. तो दुसऱ्या पानावर. तेही भरा, मगच मी पोटात घेणार.

पासवर्डही त्यानं दिला होता. पण काय उपयोग? सगळ्यांना मिळून एकच, आणि ताईला तो कधी म्हणजे कधी आठवायचा नाही. बाहेरून ओरडायची, "अण्णा, पासवर्ड काय हो?" आतून अण्णा तितक्याच मोठ्यानं सांगायचे. समोरच्या खुर्च्यांवर पेशंटचे नातेवाईक बसलेले असायचे. एकदा ताई दुसऱ्यांदा चुकली, तर एका आजोबांनीच तिला सांगितला! सगळे खो खो हसले. मला हसू आलं नाही. माझा जीव तेव्हापासूनच थाऱ्यावर नाही.

कारण माझं कसं आहे, मला विचारलं की मी सांगते. कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय, त्याच्या डोळ्यांत काय आहे, हे मला दिसत नाही. नाव टाइप करा, पत्ता घ्या. मॅडमना जितक्या तत्परतेनं सांगेन तितक्याच तत्परतेनं चोराला सांगेन. खोटं बोलायची सोय माझ्यात ठेवलेलीच नाही हो.

मग ती उंच सिस्टर आली. सिस्टर म्हणजे नर्सच, आमच्याकडे सगळ्यांना तसंच म्हणतात. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आठ-नऊ वर्षांची लेक. काम चांगलं येत होतं, मॅडमनी दोन प्रश्नांत ओळखलं. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "मॅडम, माझा पत्ता कुणाला देऊ नका. अगदी सख्खा नातेवाईक म्हणून कुणी आलं तरी नाही. मी नवऱ्याला सोडून आलेय. तो मला काही करणार नाही, पण हिला उचलून नेईन म्हणालाय."

"मेले तरी देणार नाही," मॅडम म्हणाल्या. आणि मॅडमनी खरंच दिला नसता. पण तिची माहिती भरायला ताई बसली, पत्त्याचा रकाना सोडून पुढे जायला बघू लागली, आणि मी अडून बसले. मला तसंच शिकवलेलं. ताई वैतागली, "काय मेलं हटून बसतंय!" आणि तिनं भरला. घर, मजला, खोली, सगळं. दुसऱ्या पानावर तिच्या एका मैत्रिणीचा पत्ताही भरला. दूरच्या गावातली, शाळेपासूनची मैत्रीण.

काही महिने बरे गेले. मग फोन आला. "मी तिचा भाऊ बोलतोय. आई सीरियस आहे हो, तिला कळवायचंय. कुठे राहते ती?" ताईनं सांगितलं, "अशी कुणी आमच्याकडे कामालाच नाही." फोन ठेवला आणि सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "ताई, मला भाऊच नाही."

त्या दिवशी मॅडमनी फर्मान काढलं. "ते आपलं आजच्या आज कुलूपबंद करा." भाच्याला फोन लावला. तो तिकडून सांगतोय, अण्णा इकडे करतायत, मॅडम डोक्यावर उभ्या. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. अण्णांना पगार दिसेल, पत्ते दिसणार नाहीत. पत्ते फक्त मॅडमना आणि ताईला. बाहेरच्या माणसांसाठी पेशंटची माहिती भरायचं एक साधं पान, बाकी सगळं बंद. पासवर्ड मोठ्यानं बोलाल तर खबरदार! मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. आयुष्यात पहिल्यांदा मला 'नाही' म्हणता येणार होतं.

पण अण्णा. अण्णांवर मला रागावताही येत नाही. माणूस सज्जन, फक्त स्वभाव घाबरट. घराला कुलूप लावून दहा पावलं जातील आणि परत येऊन ओढून बघतील. त्यांच्या मनात आलं, उद्या हे उघडलंच नाही तर? सगळ्यांचे पगार अडकतील. म्हणून जुना पासवर्ड काढून झाल्यावर, नवं कुलूप घालण्याआधी, त्यांनी माझी एक नक्कल काढली, माझ्याच शेजारी ठेवली आणि तिला नाव दिलं, 'जुनं, हात लावू नये'. मनानं निवांत होऊन चहा प्यायले. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

आता बघा. मी कडीकुलपात, आणि माझ्या शेजारी मीच, दार सताड उघडं टाकून. तेच नाव, तोच पत्ता, तेच दुसरं पान. मला सगळं दिसत होतं आणि तोंड उघडता येत नव्हतं. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की आधी मी शेजारी बघायची. आहे. अजून आहे. कुणी काढून टाका रे तिला!

आमच्या ऑफिसात आणखी एक पद्धत होती. ताई एका बोटानं टाइप करते. एकदा तिच्या हातून पेशंटचं आडनाव भलतंच पडलं आणि नर्स भलत्याच घरी जाऊन बेल वाजवत बसली. तेव्हापासून ताईनं कानाला खडा लावला. पेशंटच्या नातेवाइकालाच ती आपल्या खुर्चीत बसवायची. "तुमचं तुम्हीच लिहा बाई, म्हणजे मग माझ्या नावानं शंख नको." लोकांनाही बरं वाटायचं. पेशंटचं पान समोर उघडून द्यायची आणि आपण बाजूला उभी राहायची.

तो माणूस दुपारी आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. आईला रात्रीची सिस्टर हवी होती. बोलताना त्याचे डोळे भरून आले, तेव्हा ताईचंही मन भरून आलं. "बसा हो, बसा. तुमच्या हातानं भरा. मी रात्रीचं कोण रिकामं आहे ते बघून येते." ड्युट्यांचा फळा आतल्या खोलीत आहे. ताई आत गेली.

त्यानं पेशंटचं पान बाजूला सारलं. मला उघडायला गेला. मी विचारलं, नाव? पासवर्ड? त्यानं काहीतरी लिहिलं. नाही. पुन्हा लिहिलं. नाही! काय सांगू, अंगात बळ आल्यासारखं झालं. आणि मग त्याची नजर शेजारी गेली.

हात लावू नये असं लिहिलेलं, तिथेच त्यानं हात लावला.

ती काही विचारत नाही. जुना पासवर्ड निघालेला, नवा तिला कुणी दिलाच नव्हता. त्यानं सिस्टरचं नाव लिहिलं आणि तिनं सांगितलं. घर, मजला, खोली. तिनं म्हणजे मीच ना? उत्तर माझंच होतं. त्यानं दुसरं पान उघडलं नाही, तेवढं नशीब. आत पावलं वाजली तशी त्यानं पडद्यावरची ती खिडकी खाली दडवली आणि पेशंटचं पान पुन्हा समोर आणलं.

"मिळेल हो सिस्टर. कधीपासून पाठवू?" ताईनं विचारलं.

"घरी विचारून सांगतो," म्हणाला आणि गेला. जाताना नमस्कारसुद्धा केला.

त्यानं नक्कल नुसती दडवली होती, बंद केली नव्हती. आम्हाला कुणी उघडलं की शेजारी कुलपाचं चित्र असलेली एक इवलीशी फाइल उगवते, आणि बंद केलं की जाते. आत अण्णांना ती दिसली. "अहो, ते जुनं कुणी उघडलंय?"

"कुठलं जुनं?" मॅडम म्हणाल्या.

"मी नाही," ताई बाहेरून म्हणाली. मग तिनं आपल्याच कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि दडवलेली खिडकी वर घेतली. पडद्यावर सिस्टरचं नाव आणि खाली तिचा पत्ता.

"मॅडम!" एवढंच ओरडली.

मॅडमनी एका नजरेत सगळं ओळखलं. सिस्टर ड्युटीवर, तिचा फोन पर्समध्ये बंद. त्यांनी पेशंटच्या घरी फोन लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, मॅडमचं आलं. "शांतपणे ऐक. त्याला तुझा पत्ता लागलाय. मुलगी कुठे आहे?" मग, "शाळा सुटली? मी निघाले." गाडीची किल्ली घेऊन त्या बाहेर पडल्या. अण्णा मागोमाग धावले, चपला न घालताच.

नंतरचा वेळ मी आणि ताई, दोघीच. ती फोनवर हात ठेवून बसली होती. फोन वाजला की दचकायची आणि "नंतर करा, नंतर करा" म्हणून आपटायची. रडत होती. मला वाटत होतं, कुणीतरी येऊन मला फोडून टाकावं. ज्या गोष्टी सांगू नयेत त्या पोटात भरायच्याच कशाला?

मॅडम आणि अण्णा परत आले. अण्णांनी तुटक तुटक सांगितलं. "जिन्यात उभा होता. हातात खाऊचा पुडा. पोरगी गल्लीच्या तोंडाशी आली होती, घर समोर दिसत होतं. मॅडमनी गाडी आडवी घातली आणि म्हणाल्या, बस आत. तिनं ओळखलं म्हणून बसली हो. नाहीतर..." अण्णांनी डोळे पुसले. "माझ्यामुळं झालं सगळं."

"रडायला नंतर वेळ काढा," मॅडम म्हणाल्या. मायलेकी त्याच संध्याकाळी त्या शाळेपासूनच्या मैत्रिणीकडे गेल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती नक्कल स्वतःच्या हातानं काढून टाकली, कचऱ्याच्या डब्यातूनही काढली. मग माझ्यातून सिस्टरची ओळ पुसायला बसल्या. सवयीनं अण्णांचा हात पुढे आला, "आधी एक कॉपी..." मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हात हवेतच राहिला. ओळ गेली. नाव गेलं, पत्ता गेला, दुसरं पान गेलं. ताईनं सुटकेचा श्वास सोडला.

मी नाही सोडला. कारण गेलेलं नाही ते!

आमच्या जातीचं हे कुणाला पटकन पटत नाही. ओळ पुसली की ती दिसेनाशी होते, पण माझ्या तळाशी पडून राहते. जाणता माणूस योग्य ती हत्यारं घेऊन बसला तर वर काढू शकतो. तिला खरोखर घालवायचं तर मला एकदा दाबून, आवळून साफ करावं लागतं. दोन बटणांचं काम. भाच्यानं फोनवर सांगितलंही होतं, "मावशी, पुसून झालं की कॉम्पॅक्ट करून घ्या, विसरू नका." पण तो निरोप घेतला ताईनं, आणि तेवढ्यात दुसरा फोन वाजला. "हो हो, करते," म्हणाली, आणि झालं.

आता नवा कॉम्प्युटर आलाय. नवं सगळं त्यात सुरू झालं, माझ्यापेक्षा शहाणं आहे म्हणतात. हा जुना दुकानदार बदल्यात घेणार आहे. उद्या सकाळी त्याचा माणूस येईल. दुकानातून मी कुणाच्या टेबलावर जाईन, कोण माझ्या तळाशी हात घालेल, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की सिस्टर आत्ता जिथे आहे, तिची लेक आत्ता ज्या घरात झोपते, तो पत्ता अजून माझ्यात आहे. आणि मला विचारलं की मी सांगते.

मला मोडा, जाळा, हातोड्यानं ठेचा, माझी काही तक्रार नाही. पण असं भरल्या पोटी कुणाच्या हाती देऊ नका.

ताई आलीय. ओलं फडकं घेऊन माझ्यासमोर बसलीय. इतकी वर्षं सोबत काढली म्हणून जाताना जरा नीटनेटकं करून पाठवावं, असं तिला वाटतंय. बिचारी किती मायेनं पडदा पुसतेय, कोपऱ्यातली धूळसुद्धा बोटानं काढतेय.

ताई, काच राहू दे गं. एकदा मला उघड.