धाकटीचं आमेन

आमच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना सगळ्यात धाकट्याच्या आमेननं संपायची. आधी मोठ्यांनी आमेन म्हणायचं, शेवटी धाकट्यानं, आणि ते ऐकू आलं की मगच सगळ्यांनी डोळे उघडायचे. बाबांनी हा नियम घातला तेव्हा मी चार वर्षांची होते. "घरात हिचं कुणी ऐकत नाही, निदान देवापुढं तरी शेवटचा शब्द हिचा," असं ते म्हणायचे. मी मुद्दाम उशीर लावायचे, दादा भुकेनं चुळबुळायचा आणि बाबा डोळे मिटून हसायचे. पुढं दादाचं लग्न झालं, त्याला मूलबाळ झालं नाही, म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षीही घरातली धाकटी मीच. बाबा गेले, त्यांचं हसणं गेलं, नियम तेवढा राहिला.

दादा दातांचा डॉक्टर. चर्चच्या मंडळीत तो 'वडील', म्हणजे पंच, घरात वडीलभाऊ आणि बाबांच्या माघारी वडिलांच्या जागी. एका खुर्चीत तीन वडील बसलेले, त्यांच्यापुढं माझा काय पाड! दवाखाना घराच्या पुढच्या भागात होता आणि मागं, जेवणघराला लागून, माझी प्लास्टरची खोली. कवळ्या मी करायचे. दादा रोग्याच्या तोंडाचं माप घ्यायचा. मी त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचे, मेणात एकेक दात लावायचे, कवळी शिजवायचे, घासायचे, चकाकी आणायचे. मग दादा ती म्हाताऱ्याच्या तोंडात बसवायचा आणि म्हातारा आरशात बघून दादाचे हात धरायचा. "डॉक्टर, काय हात आहे हो तुमचा!" दादा वर बोट दाखवायचा. "माझं यात काही नाही." तेवढं मात्र तो खरं बोलायचा.

पण माझं दुखणं ते नव्हतं. काम माझं मला आवडायचं. माझं दुखणं प्रार्थनेचं होतं.

दादानं माझ्यावर कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. जे काही बोलायचं ते तो डोळे मिटून बोलायचा. "हे प्रभू, माझ्या बहिणीच्या जिभेला तूच लगाम घाल. आज तिनं वहिनीला उलट उत्तर दिलं, तिच्या मनातला हेवा काढून टाक." वहिनी लगेच म्हणायची, "होय प्रभू." चहाडी करणारा माणूस निदान इकडेतिकडे बघून घेतो. इथं थेट देवाकडे चहाडी, तीही माझ्यासमोर, ताटं वाढलेली असताना. मी मध्ये बोलले तर प्रार्थना मोडल्याचं पाप वेगळं. आई मान खाली घालून गप्प. मग एकेक जण आमेन म्हणणार आणि माझ्याकडे कान लावून बसणार. माझ्याच नावानं खडे फोडून झाल्यावर 'असंच होवो' म्हणायचं, तेही मीच.

एकदा मी नाही म्हटलं. तेव्हा तिशीत असेन. दादानं डोळे उघडले नाहीत. "आम्ही थांबतो, प्रभू," एवढंच म्हणाला. चाळीस मिनिटं आम्ही तसेच बसलो. आधी डोळे उघडेल तो हरला, आणि हरायची दादाला सवय नाही. वहिनी तर तो म्हणेल ती पूर्व. शेवटी आई मुसमुसायला लागली तेव्हा मी आमेन म्हणून टाकलं. जेवण पार निवलं होतं. दादा मायेनं म्हणाला, "प्रभू तुझ्या हट्टापेक्षा मोठा आहे गं."

आणि त्यानंतरचं एक आमेन, नऊ वर्षांपूर्वीचं. आमच्या कोपऱ्यावर एक घड्याळवाला होता, विधुर, आमच्याच मंडळीतला. माझं मनगटी घड्याळ वरचेवर बंद पडायचं, म्हणजे मीच पाडायचे. त्यालाही ते कळलं असावं, कारण एक दिवस घड्याळ परत देताना त्यानं सरळ लग्नाचं विचारलं. मी हवेत होते. विश्वासानं दादाला सांगितलं. दोन दिवसांनी उपासनेत, भर मंडळीसमोर, दादा प्रार्थनेला उभा राहिला. "हे प्रभू, माझी बहीण देहाच्या मोहात सापडली आहे. तिच्यासाठी आणि त्या बंधूसाठी आम्ही तुझ्यापुढं रडतो." तो खरोखर रडलाही. मंडळीनं आमेन म्हटलं आणि मागोमाग मीही म्हटलं. तोंडाला सवयच तशी लागली होती. घड्याळवाला दोन बाकं पुढं बसला होता. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात त्यानं दुकान दुसरीकडे हलवलं. दादाला मी क्षमा केली का, असं कुणी विचारलं तर सांगेन, शेकडो वेळा केली. स्वतःला मात्र त्या एका आमेनची अजून करता आलेली नाही.

या वर्षी मी कुणाला न सांगता एक अर्ज केला. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात कवळ्या करणारं माणूस हवं होतं. नमुना म्हणून वरची आणि खालची कवळी करून पाठवली. शुक्रवारी तिथल्या मुख्य बाईंचं पत्र आलं. सोमवारी सकाळी दहाला रुजू व्हा, राहायला आवारातच खोली मिळेल, आला नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ. पत्र माझ्या हातात पडलं ते फोडलेलंच. "मला वाटलं दवाखान्याचं आहे," वहिनी म्हणाली. पाकिटावर माझं नाव चांगलं ठसठशीत होतं.

दादा शुक्रवारी काही बोलला नाही, शनिवारीही नाही. गप्प बसला म्हणजे तो प्रार्थनेसाठी साठवत असायचा.

रविवारी उपासनेत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची पाळी माझी होती. येशू स्वतःच्या गावी येतो, सभास्थानात बोलतो, गावकरी खवळतात आणि त्याला ढकलून द्यायला डोंगराच्या कड्यापर्यंत नेतात, तो भाग. लहानपणापासून ऐकलेला. पण ऐकताना माझं सगळं लक्ष त्या कड्याकडे असायचं. त्या दिवशी मोठ्यानं वाचताना शेवटची ओळ तोंडातून बाहेर पडली आणि मी अडखळले. तो त्यांच्या मधून चालत निघून गेला. बस्स. वीज पाडली नाही, कुणाला आंधळं केलं नाही, समजावत बसला नाही. 'माझं काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या' असंही म्हणाला नाही. आणि ती माणसं काही परकी नव्हती. त्याला अंगाखांद्यावर खेळवलेली, त्याच्याच गावची होती. पुढं क्रूसावर तो गेलाच. पण कधी आणि कशासाठी, ते गावातल्या चार दांडगटांनी ठरवायचं नव्हतं.

पाळकसाहेबांनी प्रवचनात गावकऱ्यांच्या अविश्वासावर पाऊण तास घेतला. त्या ओळीला हातही लावला नाही. मी बाकावर बसून तीच ओळ घोळवत होते. येशू म्हणजे सोसणं, असं मला आयुष्यभर वाटत आलं, कारण दादानं तेवढाच येशू घरात येऊ दिला होता. उठून चालू लागणारा हा येशू मला आत्ता भेटत होता, आणि खरं सांगते, मला त्याचा रागच आला. इतकी वर्षं कुठं होतास? मग समोर उघडं पान दिसलं. तो तिथंच होता. मी डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, भांडायचं बळ नको, ते माझ्याकडे रग्गड आहे. उठायचं बळ दे.

घरी येऊन मी आधी प्लास्टरच्या खोलीत गेले. मेणाची सुरी, मेण वितळवायचा छोटा दिवा, बाबांचं लहान शास्त्र आणि दोन जोड कपडे एवढं पिशवीत भरलं आणि पिशवी प्लास्टरच्या पोत्यामागे ठेवली. बस तीनची होती, त्यानंतर दुसरी नव्हती. कवळी बसवल्यावर आम्ही दातांत रंगीत कागद धरून चावायला सांगतो. जो दात उंच असेल त्यावर डाग उमटतो, मग तो घासायचा. या घरात सगळ्यांना नीट चावता यावं म्हणून मी वर्षानुवर्षं स्वतःलाच घासत आले होते. आता घासायला काही शिल्लक नव्हतं.

दोनला जेवायला बसलो. टेबलाच्या एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला आई, मध्ये समोरासमोर वहिनी आणि मी. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे दयाळू प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो," दादानं सुरुवात केली. "माझ्या बहिणीच्या मनात सैतानानं घर सोडायचा विचार घातला आहे. तिचं डोकं ठिकाणावर नसतं, प्रभू, तू ते जाणतोस. उद्या सकाळी मी त्या रुग्णालयातल्या बाईंना फोन करून तिच्या आजाराविषयी सांगणार आहे. माझ्या मुखात योग्य शब्द घाल. आणि तिलाही नम्र कर, म्हणजे ती आपल्या तोंडानं याला आमेन म्हणेल."

"होय प्रभू," वहिनी म्हणाली.

आजार! मला साधं पित्तही होत नाही.

दादानं आमेन म्हटलं. वहिनीनं म्हटलं. आईनंही म्हटलं, आणि त्यातला 'न' माझ्या हातच्या कवळीतून अगदी स्वच्छ उमटला. सगळे माझी वाट बघू लागले.

माझ्या तोंडात शब्द तयार होता. लाळेसारखा आपोआप आलेला. नऊ वर्षांपूर्वी असाच आला होता. मी दातांवर दात दाबून धरले आणि डोळे उघडले.

प्रार्थनेत बसलेले त्यांचे चेहरे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. दादाच्या ओठांच्या कोपऱ्यांत हसू होतं. वहिनीची भिवई जरा वर चढली होती. मान मोडलेली वेल असते तशी आईची मान.

"आम्ही थांबतो, प्रभू," दादा म्हणाला.

थांब, मी मनात म्हटलं. तो डोळे उघडणार नव्हता. चाळीस मिनिटं तरी नक्की नाही. चप्पल मी टेबलाखालीच काढून काखेत धरली. खुर्ची उचलून मागं सरकवली. प्लास्टरच्या खोलीत जाऊन पिशवी घेतली. त्या खोलीला बाहेरचं दार नव्हतं, त्यामुळं परत जेवणघरातूनच जायचं होतं, आईची खुर्ची आणि कपाट यांच्या मधल्या हातभर जागेतून. पिशवी पोटाशी धरून, आडवी होऊन, मी त्यांच्या मधून निघाले. येशूलाही असं अंग चोरावं लागलं होतं का, ते काही लिहिलेलं नाही.

"म्हण ना गं," आई पुटपुटली. मी तिच्या अगदी शेजारी होते. चाहूल माझ्या खुर्चीकडून येईल अशी तिची अपेक्षा असावी. शेजारी काहीतरी जाणवलं आणि तिनं माझ्या बाजूचा एक डोळा उघडला. मला पाहिलं. पिशवी पाहिली. आणि डोळा मिटून घेतला.

ती मला जाऊ देत होती की नेहमीसारखं न बघितल्यासारखं करत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. दादा माझी सालटी काढायचा तेव्हाही ती डोळे मिटूनच बसायची. त्याचा मला उपयोग झाला तो त्या दिवशी, पहिल्यांदाच. तिच्या केसांना हात लावावासा वाटला. लावला असता तर मी थांबले असते. नाही लावला.

दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीजवळून बाहेर पडले आणि चप्पल रस्त्यावर येऊन घातली. बसथांब्यावर पोचले तेव्हा पावणेतीन वाजत होते. तिथूनच, पत्रावरच्या नंबरवर, मुख्य बाईंना फोन लावला.

"उद्या माझ्या भावाचा फोन येईल," मी म्हटलं. "माझं डोकं ठिकाणावर नाही असं तो सांगेल. तुम्ही माझे हात बघा आणि काय ते ठरवा."

बाई म्हणाल्या, "कवळी मी बघितलीय. दहाला या."

तीनला बस हलली. घरी ते अजून बसले असतील की दादा उठला असेल, कोण जाणे. आईची भुकेची वेळ टळली असणार, हे मनात आलं आणि मी रडले. कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता रडले. मग डोळे पुसून मिटले आणि माझी प्रार्थना केली. प्रभू, आईला काहीतरी खाऊ घाल. घड्याळवाला असेल तिथं त्याला बरा ठेव. दादासाठी काही सुचेना, त्याचं तूच बघ, म्हटलं. मग आमेन म्हटलं. ते घरी ऐकू जाणार नव्हतं. त्यांनी हवा तेवढा वेळ डोळे मिटून बसावं.