पिकदाणीला संदेश मिळाला नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. नाकं मुरडून झाली असतील तर पुढे सांगते.

कोलकात्यात बिभास कुंडूबाबूंच्या चहाच्या पेढीत माझं आयुष्य गेलं. चहा पारखणारे घोट तोंडात घोळवतात आणि माझ्यात थुंकतात. रोजचे दोनशे घोट. संध्याकाळी लतिकादी मला चिंचेने घासायची. चहाच्या पुड्या भरणाऱ्या एक्केचाळीस बायकांत ती सगळ्यात जुनी. बाबू पाहुण्यांना माझी चमक कौतुकाने दाखवत. लतिकादीला दाखवल्याचं आठवत नाही.

एका हिवाळ्यात बाबूंनी स्वस्त भुकटीचं नवं मिश्रण आणलं. जुनं बंद करायचं का, हे त्यांना शास्त्रशुद्ध ठरवायचं होतं. चुकलं तर पेढी बुडणार, एवढं बायकांनाही ठाऊक होतं. तीस दुकानदार बोलावले. प्रत्येकाने आधी जुना चहा चाखायचा, मग नवा, आणि पसंती चिठ्ठीवर लिहायची. पण नव्या कामाला तोंड गोड नको? म्हणून नव्या कपासोबत खजूरगुळाचा एकेक संदेश, ती बंगाली मिठाई, ठेवला. जुन्यासोबत काही नाही. जुन्याचं कसलं आलंय शुभ?

अठ्ठावीस चिठ्ठ्या नव्याच्या निघाल्या. बाबूंनी त्यांचा आलेख चौकटीत बसवून भिंतीवर टांगला आणि त्याला हार घातला. हार घातलेल्या चौकटीत सहसा कोण असतं, हे कुणाला आठवलं नाही.

माझ्या पोटात मात्र निराळाच निकाल होता. जुना मधाच्या रंगाचा चहा लोक थुंकायचं विसरून गिळून बसले होते. माझ्यात होता तो सगळा नवा, शाईसारखा काळा. मला रिकामी करायला आलेली लतिकादी थबकली आणि तशीच मला उचलून बाबूंसमोर गेली.

"बाबू, निवडून संदेश आलाय. उद्या अर्ध्यांना आधी नवा पाजा, अर्ध्यांना आधी जुना. संदेश कुणालाच नको. मग मोजा."

"तीस जाणती माणसं एकीकडे आणि तुझी पिकदाणी एकीकडे?"

"पिकदाणीला संदेश मिळाला नव्हता, बाबू."

सगळे हसले. बाबू पोट धरून हसले आणि त्यांनी भुकटीच्या तीनशे पेट्या मागवल्या.

दुकानात पुडीबरोबर संदेश मिळत नाही. पुड्या परत येऊ लागल्या. दुर्गापूजेला महिना असताना पेढी बंद झाली. बायकांना रिकाम्या हातांनी घालवणं बाबूंच्या जिवावर आलं, म्हणून प्रत्येकीला कामावरून कमी केल्याच्या पत्रासोबत एक संदेश दिला. बायका रांगेने माझ्यापाशी आल्या. एकेकीने आपला संदेश माझ्यात टाकला. लतिकादी शेवटची. तिने सवयीने माझ्या काठावरचा डाग पदराने पुसला आणि ती गेली.

आता मी हिरवी पडले आहे. मित्रांनो, मला घासा असं मी म्हणत नाही. कुणाचं मत विचाराल तेव्हा आधी त्याच्या तोंडात गोड घालू नका, एवढंच सांगणं आहे. त्या दिवशी माझ्यात एक्केचाळीस मतं पडली. बाबूंनी ती मोजली नाहीत. मुंग्यांनी मोजली.