टिंबाखालचं घर

मित्रांनो, मी उंदीर धरायचा एक जुना पिंजरा आहे आणि माझ्यावर आळ आहे. फिजीतल्या आमच्या बंदराच्या शहरात अजूनही काही लोक मला खोटारडा म्हणतात. म्हणू देत. जे आत शिरलं ते मी धरलं आणि सकाळपर्यंत धरून ठेवलं. पिंजऱ्याने याहून जास्त काय करायचं, ते एकदा त्यांनीच सांगावं.

मला घडवलं बिसेसर नावाच्या पत्रेवाल्याने. साखर कारखान्याच्या फाटकासमोर त्याचं दुकान होतं. तारा वळवताना तो सतत कुणाला तरी शिव्या घालायचा, बहुतेक आपल्या मेव्हण्याला. माझी कमान त्याने इतकी कडक बसवली की पहिल्याच चाचणीत त्याचाच अंगठा चेमटला. अंगठा तोंडात घालून तो म्हणाला, हा पठ्ठ्या कुणाला सोडायचा नाही. एवढं खरं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

तिथून मला उनाइसीबाईंनी विकत घेतलं. त्या प्रयोगशाळेत विषाणूंचा अभ्यास करतात. त्या वर्षी बंदरावरच्या हमालांना ताप यायला लागला होता. साधासुधा ताप नव्हे, मूत्रपिंडं सुजायची आणि माणूस आडवा व्हायचा. हा विषाणू उंदराच्या मुतातून येतो. मूत वाळतं, त्याची धूळ होते आणि ती श्वासावाटे माणसाच्या आत जाते. उंदराला मात्र काही होत नाही, तो मजेत हिंडत असतो. कुठल्या गल्लीतल्या उंदरात हा विषाणू आहे, याचा अख्ख्या शहराचा नकाशा बाईंना काढायचा होता. शिवाय उंदरांच्या पिढ्या पुढे जातात तसा विषाणूही थोडा थोडा बदलतो. त्याच्या जनुकांतली अक्षरं बदलत जातात. ती अक्षरं वाचली की कोणता विषाणू कोणाचा सख्खा आणि कोणाचा लांबचा, ते कळतं.

म्हणून आम्हा प्रत्येक पिंजऱ्याला एक आकडा होता आणि प्रत्येक आकड्याला एक जागा. माझी जागा खारफुटीच्या वस्तीत, पेथेलीमामाच्या स्वयंपाकाच्या पडवीत. चिखलात खांब रोवून त्यावर पत्र्याची घरं, अशी ती वस्ती. मामा चिंबोऱ्या धरायचा आणि वस्तीत त्याचा शब्द चालायचा. बाईंनी त्याला बजावून सांगितलं होतं की हा पिंजरा जागचा हलता कामा नये. मामाने मान डोलावली, मला खांबाला तारेने बांधलं आणि आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा लावला. इथवर सगळं ठीक होतं.

संध्याकाळी मामाच्या बहिणीचा मुलगा वाइसाले आला. तो बंदरावरच्या धान्याच्या गोदामात हमाली करायचा. आता आमच्याकडची रीत अशी, की भाच्याला मामाच्या घरातली वस्तू आवडली तर त्याने ती उचलावी आणि मामाने वर हसून दाखवावं. मग ती होडी असो की डुक्कर. नाही म्हणायची सोयच नाही.

"मामा, हा आजच्या दिवस नेतो," वाइसाले म्हणाला. "गोदामात उंदरांनी पिठाची पोती फोडलीत आणि मुकादम माझ्या नावाने ओरडतोय."

"तो माझा नाही रे, बाईंचा आहे."

"तुझ्या घरात आहे ना? मग झालं तर."

झालं! तार सुटली आणि मी निघालो. गोदामात मी माझं काम चोख केलं. सकाळी वाइसाले मला परत घेऊन आला, तर आत चांगला गलेलठ्ठ उंदीर. तो तिथेच का नाही ठेवला, असं मामाने विचारलं. वाइसाले म्हणाला, मागून नेलेलं भांडं रिकामं कसं परत द्यायचं, मला आईने काही वळण लावलंय की नाही? दोघेही पोट धरून हसले. मामाने मला पुन्हा खांबाला बांधलं. थोड्या वेळाने बाईंची माणसं आली आणि माझा आकडा टिपून उंदीर घेऊन गेली.

त्या उंदरात विषाणू निघाला. नकाशावर मामाच्या घरावर लाल टिंब बसलं.

वस्तीची जागा ज्यांच्या मालकीची, त्यांचा कारभारी शलेंद्र. ही वस्ती उठवायला तो कधीचा टपून बसला होता. त्याला आयतंच कारण मिळालं. आरोग्याला धोका आहे, महिन्याच्या आत घरं रिकामी करा, अशी नोटीस त्याने दारोदार लावली. ज्या बायका कालपर्यंत मला पाहून नाक मुरडत होत्या, त्या आता मला शिव्या द्यायला लागल्या. मला राग आला. अजूनही येतो.

बाईंना मात्र चैन पडेना. वस्तीतल्या बाकीच्या एकाही उंदरात विषाणू नव्हता आणि माझ्या उंदरातल्या विषाणूची अक्षरं दूरदेशच्या बंदरांतल्या विषाणूंशी जुळत होती. जहाजातून आलेला पाहुणा खारफुटीच्या चिखलात कसा पोचला? त्या मला घेऊन वस्तीच्या सभाघरात आल्या. सगळे चटईवर बसले, लाकडी कुंडीत यंगोना, म्हणजे आमच्याकडचं मुळ्यांच्या भुकटीचं पेय, कालवली गेली आणि करवंटी फिरायला लागली. शलेंद्रही येऊन बसला होता. बाईंनी सरळ विचारलं, पिंजरा जागचा हलला होता का?

मामाची पंचाईत झाली. भाच्याचं नाव घेतलं तर गोदाम बंद होऊन त्याचं काम जाणार, नाही घेतलं तर वस्तीची घरं जाणार. शिवाय भाच्याने हक्काने नेलेल्या वस्तूची चारचौघांत तक्रार करणारा मामा आमच्याकडे अजून जन्मायचाय. त्याने करवंटी रिकामी केली आणि पुन्हा भरायला पुढे केली. मी कोपऱ्यात नुसता तडफडत होतो, कारण मला तोंड आहे पण जीभ नाही.

करवंटी वाटणारा वाइसाले उभा राहिला.

"मी नेला होता," तो म्हणाला. "उंदीर गोदामातला आहे. मामाला काही विचारू नका."

तो उंदीर इथे आणलाच कशाला, असं बाईंनी विचारलं. त्याने ती भांड्याची गोष्ट सांगितली.

"तुझ्या चांगल्या वळणापायी अख्खी वस्ती उठली असती, बाबा," त्या म्हणाल्या.

शलेंद्र लगेच म्हणाला की मग हा पिंजराच खोटारडा, याच्यावर कोण विश्वास ठेवणार? वा रे वा! मी काय माझ्या पायांनी चालत गेलो होतो?

बाईंनी मला आणि माझ्या भावंडांना गोदामात मांडलं. तिथल्या उंदरांत विषाणू सापडला आणि त्याची अक्षरं माझ्या उंदरातल्या विषाणूशी तंतोतंत जुळली. गोदाम बंद झालं. कोरडा झाडू न मारता, औषधाचं पाणी शिंपडून ओल्या फडक्यांनी ते पुसून काढलं. हमालांचे ताप थांबले. वाइसालेचं काम गेलं ते गेलंच. आता तो मामाबरोबर चिंबोऱ्या धरतो आणि त्याबद्दल एका शब्दाने कुरकुरत नाही.

बाईंनी आपला नकाशा त्याच आठवड्यात बदलला. शलेंद्रच्या कचेरीतल्या भिंतीवर मात्र जुनाच नकाशा राहिला आणि त्याच्या जोरावर नोटीसही राहिली. नवा नकाशा पुढच्या वर्षी छापून येईल, तोवर हाच चालणार, असं तो म्हणाला. तेव्हा अख्खी वस्ती त्याच्या कचेरीबाहेर चटया टाकून बसली. बाई, मामा आणि मला काखेत घेतलेला वाइसाले असे आम्ही आत गेलो. मामा नकाशाजवळ गेला आणि अंगठ्याच्या नखाने ते लाल टिंब खरवडायला लागला.

"अहो, ते काढता येत नाही," शलेंद्र उठत म्हणाला. "ते कचेरीचं आहे."

"टिंब कचेरीचं," मामा म्हणाला. "खालचं घर माझं."

त्याने टिंब पुरतं खरवडून काढलं आणि मगच वळला. शलेंद्रने खिडकीतून बाहेर पाहिलं. कुणी उठायचं नाव घेत नव्हतं. नोटीस मागे घेतल्याचा कागद त्याला तिथेच लिहून द्यावा लागला.

मित्रांनो, आता मला गंज चढलाय. मला तेल देत बसू नका, भंगारात टाकायचं तर खुशाल टाका. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात नकाशे येतील आणि लाल टिंबंही येतील. कुणाच्या घरावर टिंब लावण्याआधी तिथवर चालत जा, त्यांच्या चटईवर बसा आणि त्यांना विचारा. तेवढं जमत नसेल, तर नकाशाला हात लावू नका.